२४ इंची मॉनिटर घ्यायचाय, स्क्रीन सोडून बाकी काय काय बघायचं?

शहापूर_डीटीपी:

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, अफिडेव्हिट, भाडेकरार, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मराठी कन्नड दोन्ही टायपिंग चालतं. जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर आहे त्याचा उजेड आता पिवळट आणि मंद झालाय म्हणून नवीन २४ इंची घ्यायचा विचार करालेय. दुकानं फिरून आले खरं सगळीकडं तेच, पुढून सगळे सारखेच दिसतात आणि दुकानदार हर्ट्झ किती (म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) आणि फ्रेमलेस आहे का एवढंच सांगतात. मला गेम खेळायचे नाहीत ओ.

माझं टेबल जुनं सागवानी, फार खोल नाही, मागं लगेच भिंत. गिऱ्हाईक समोर बसतं आणि पत्रिकेतली नावं, मुहूर्त, "आमचे येथे" च्या खालची सगळी यादी तपासायला मॉनिटर दर वेळी त्यांच्याकडं वळवावा लागतो, जुना मी अख्खा उचलूनच फिरवते. दुपारनंतर दारातनं ऊन सरळ स्क्रीनवर येतं. आणि दुहेरी नंबरचा चष्मा लागल्यापासून हनुवटी वर करून बघावं लागतंय, संध्याकाळपर्यंत मान आखडून जाते. घरात सांगालेत की भिंतीवर लावून टाक, खरं भिंत जांभ्या दगडाची, वरून मातीचा गिलावा. कोणीतरी नीट सांगा की, मॉनिटरचा स्टँड, पाठ, कडा हे सगळं काय बघून घ्यायचं असतं?


उद्यमबाग_कॅड:

ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये डिझाइनला आहे, दिवसभर कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत, बसायचं काम, त्यामुळं यावर माझं मत पक्कं आहे. आतलं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, जगात मोजक्याच कारखान्यांत बनतं, तेच पॅनेल वेगवेगळ्या नावांच्या मॉनिटरमध्ये बसवून येतं. किंमत खाली आणायची असली की कंपनी पहिली कात्री लावते ती स्टँडला. म्हणून दुकानात गेल्यावर मॉनिटर आधी पाठीमागून बघा, मग खालून बघा, पुढून सगळ्यात शेवटी.

स्टँडच्या हालचाली चार. पुढंमागं कलणं, वर-खाली होणं, डावी-उजवीकडं वळणं आणि आडव्याचा उभा होणं. स्वस्तातल्या मॉनिटरला फक्त पहिली असते, आणि तुमची सगळी गरज उरलेल्या तिघांत आहे. दुकानदाराला "स्टँड चांगला आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच, "हाइट अॅडजस्ट होतो का, करून दाखवा" म्हणा. त्या खांबाच्या आत स्प्रिंग असते, ती पॅनेलच्या वजनाला तोलून धरते, म्हणून चांगला स्टँड असेल तर दोन बोटांनी खाली येतो आणि जिथं सोडाल तिथं उभा राहतो. सोडल्यावर हळूहळू वर सरकत असेल किंवा खाली बसत असेल तर तो पीस नको म्हणा. एक सावधगिरी, पॅनेल काढल्यावर स्प्रिंगवर वजन राहत नाही आणि खांब झटक्यात वर उसळतो, त्यामुळं काढताना तोंड आणि हात वर धरू नका, आधी खांब पूर्ण वरच्या टोकाला नेऊन मगच पॅनेल काढायचं.

आता तुमची मान. सगळीकडं सांगतात की स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत पाहिजे आणि मग लोक मॉनिटरखाली टेलिफोन डिरेक्टरी, कागदाची रिमं लावत बसतात. दुहेरी चष्म्याला हे चालत नाही. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्या भागातनं समोरचं बघायचं म्हणजे हनुवटी वर जाणारच. तुम्हाला मॉनिटर खाली पाहिजे, वरची कड डोळ्याच्या चांगली खाली, आणि स्क्रीन थोडी मागं कललेली. फिक्स स्टँडचा मॉनिटर खाली नेताच येत नाही, त्याची मान जेवढी बनवली तेवढीच. हाइटवाला बघताना तो वर किती जातो यापेक्षा खाली किती येतो ते बघा, काही स्टँडवर खालची कड जवळजवळ टेबलाला टेकते, तसला हुडका.

उभा होणारा का म्हणतोय ते पण सांगतो. २४ इंची रुंद मॉनिटरचा पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७. म्हणजे आडव्या स्क्रीनवर खऱ्या मापाचं पान जेमतेम उंचीत बसतं, त्यातनं वरचे मेनू आणि खालची पट्टी गेली की पान कापलंच. अफिडेव्हिट, करारपत्र तुम्ही लीगल कागदावर करत असणार, तो ३५.६ सेंटीमीटर लांब, तो आडव्यात बसणं शक्यच नाही. तोच मॉनिटर उभा केला की रुंदीला ३० आणि उंचीला ५३, अख्खं लीगल पान खऱ्या मापात समोर, वर मेनूला जागा शिल्लक. गिऱ्हाइकाला पान वर-खाली सरकवून दाखवायची गरजच नाही. फक्त पॅनेल आयपीएस प्रकारचं घ्या, ते कुठनंही बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही. टीएन प्रकारचं पॅनेल खालनं-वरनं बघितलं की रंग बदलतो, आणि उभं केलं की तोच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो, एका डोळ्याला एक रंग दुसऱ्याला दुसरा, डोकं दुखतं. उभ्यात अक्षरांच्या कडेला थोडी रंगाची झाक पण दिसू शकते, कारण विंडोज अक्षरं गुळगुळीत करताना लाल-हिरवा-निळा पट्ट्या शेजारी शेजारी आहेत असं धरून चालतं आणि तुम्ही त्या एकाखाली एक करून ठेवलेल्या असतात. विंडोजची ही अक्षरं गुळगुळीत करायची सोय, क्लिअरटाइप, एकदा बंद करून बघा, कुठलं बरं वाटतंय ते ठेवा.

पाया. बऱ्याच मॉनिटरला इंग्रजी व्ही सारखे दोन लांब पाय असतात, दिसायला छान, खरं तुमच्या टेबलावर ते पाय कीबोर्डच्या जागेत येऊन बसणार. तुम्हाला चपटा, चौकोनी, जड पाया पाहिजे, ज्यावर कात्री, स्टॅम्प पॅड ठेवता येईल. टेप घेऊन जा आणि पायाची खोली मोजा, वेबसाइटवर जे माप देतात त्यात कधी स्टँड धरलेला असतो कधी नसतो. टाइप करताना स्क्रीन थरथरते का ते टेबलावर हलकी थाप मारून तिथंच बघायचं.

भिंतीचं म्हणाल तर मी लावणार नाही. जांभा भुसभुशीत, त्यावर मातीचा गिलावा, ड्रिल घातलं की भोक मोठं होत जातं आणि प्लग पकडत नाही. शिवाय भिंतीवर सपाट लावला की तुम्हाला तो गिऱ्हाइकाकडं वळवता येणार नाही. टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं बसणारा, मॉनिटर धरणारा आर्म मिळतो, सागवानी फळी त्याला उत्तम, खरं आर्मचं कोपर मागं जातं आणि तुमच्या मागं भिंत आहे, ते कोपर भिंतीला आपटणार. टेबल पुढं ओढायला जागा असेल तरच आर्म. नसेल तर मॉनिटरबरोबर येणारा चांगला स्टँड हेच उत्तर.

तरीपण पाठीमागं चार भोकं आहेत का ते बघाच. १०० बाय १०० मिलिमीटरचा चौकोन, एम-फोर स्क्रू. व्हेसा म्हणतात त्याला, १९९७ पासून ठरलेलं माप आहे, लहान मॉनिटरला ७५ बाय ७५ येतं. आज नको असलं तरी पुढं स्टँड मोडला तर ती चार भोकं मॉनिटर वाचवतात. काही एकदम सडपातळ मॉडेलना ती देतच नाहीत, स्टँड खालच्या कडेतच अडकवलेला असतो, तसला स्टँड तुटला की पुढं सगळी पंचाईत.


टिळकवाडी_इंजिनिअरिंग:

काकू २७ इंची कर्व्ह घ्या ना, किमतीत जास्त फरक नाही आता, माझ्याकडं आहे, एकदम मस्त वाटतं बघायला.


उद्यमबाग_कॅड:

अरे तुला गेमिंगला ठीक आहे, बाक दिला की कडा डोळ्यापासून सारख्या अंतरावर येतात, १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा गोल, त्या हिशोबानं एकट्यानं मधोमध बसून बघायची वस्तू आहे ती. ताईंना पत्रिकेची बॉर्डर सरळ आहे की नाही ते बघायचंय आणि शेजारी बसलेल्या माणसाला दाखवायचंय, कडेनं बघणाऱ्याला सरळ रेघ वाकडीच दिसते. आणि २७ इंचीत २४ सारखेच १९२० बाय १०८० ठिपके घेतले तर एकेक ठिपका ०.२७७ चा ०.३११ मिलिमीटर होतो. इंग्रजी अक्षराला फरक कळणार नाही, आपल्या रफार, अनुस्वार, जोडाक्षरांना आणि कन्नडमधल्या खाली लागणाऱ्या ओत्तक्षरांना लगेच कळतो, बारीक टायपात "र्य" की "य" हे डोळे ताणून बघावं लागतं. २७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा, मग किंमत वाढते.


निपाणी_रिपेअर:

कॅडवाल्या अण्णांनी बाहेरचं सगळं सांगितलंय, मी आतलं सांगतो, मॉनिटर-टीव्ही खोलण्यातच आयुष्य गेलंय.

अक्का, तुमचा जुना पिवळा पडला त्याचं कारण आत एलईडी नाहीत, वर आणि खाली पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळ्या आहेत, सीसीएफएल. ट्यूबलाइटचाच प्रकार, पारा असतो आत, वय झालं की उजेड कमी आणि रंग पिवळट होतो, शिवाय उजेड पसरवणारं प्लास्टिक पण उष्णतेनं पिवळं पडतं. भंगारात देताना नळी फुटणार नाही असं बघा, पोरांना खोलायला देऊ नका. त्या मॉनिटरमध्ये नळ्या पेटवायला जास्त व्होल्टेजची वेगळी सर्किटची पाटी असते, म्हणून तो एवढा जाड.

नवीन सडपातळ कसा होतो तर एलईडीची एकच पट्टी, बहुतेक वेळा खालच्या कडेला. तिचा उजेड एका जाड पारदर्शक अॅक्रिलिकच्या फळीत कडेनं शिरतो, फळीच्या पाठीवर बारीक ठिपके छापलेले असतात, ते ठिपके उजेड पुढं वळवतात. पट्टीजवळ ठिपके विरळ, लांब जाल तसे दाट, म्हणून सगळीकडं उजेड सारखा. फळीच्या मागं पांढरा कागद, पुढं पातळ फिल्मा, आणि मग काच. ही सगळी चळत नुसती कडेनं धरलेली असते, चिकटवलेली नसते. म्हणून खोक्यातनं काढताना स्क्रीनवर अंगठा दाबला, किंवा मॉनिटर एका कोपऱ्याला धरून उचलला, की आतली फिल्म सरकते आणि कायमचा पांढरा डाग पडतो.

फ्रेमलेसचं जास्त कौतुक करू नका. चालू केल्यावर चारी बाजूला काळी पट्टी दिसतेच, फक्त ती काचेच्या आत असते. जुन्या मॉनिटरला पुढून प्लास्टिकची चौकट असायची, हात त्या चौकटीला लागायचा. आता काचेची कड पापडासारखी पातळ आणि जवळजवळ उघडी, माझ्याकडं कोपऱ्यातनं तडकलेले येतात ते बहुतेक फ्रेमलेसच, आणि काच गेली की दुरुस्ती नाही, नवीन पॅनेलची किंमत मॉनिटरएवढी सांगतात. तुम्ही दिवसातनं किती वेळा वळवणार आहात ते बघता थोडी चौकट असलेला मिळाला तर तोच घ्या, ऑफिसवाल्या मॉडेलना अजून असते. आणि वळवताना स्क्रीनची कड धरून ओढायचं नाही, दोन्ही हात पाठीमागं घालून, पाठ धरून वळवायचं. स्टँड बसवताना टेबलावर घोंगडी किंवा चादर घालून त्यावर मॉनिटर पालथा ठेवायचा.

पॉवरचं पण बघा. काही मॉनिटरमध्ये पॉवर सप्लाय आतच, काहींना लॅपटॉपसारखा बाहेर अडॅप्टर. लोकांना अडॅप्टर आवडत नाही, वायरींचा पसारा होतो म्हणून. मला विचाराल तर अडॅप्टरवाला घ्या. आपल्याकडं वीज जाते-येते, पावसाळ्यात तर विचारू नका, पहिला मरतो तो पॉवर सप्लायच. बाहेरचा असला तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा आणून लावला की काम चालू, मॉनिटर खोलायचीच गरज नाही. हल्लीच्या मॉनिटरला स्क्रू कमी, चौकट नुसत्या खटक्यांवर बसवलेली, खोलताना दोन-चार खटके मोडतातच आणि मग ती पूर्वीसारखी बसत नाही.

आतला सप्लाय असलेला घेतलात आणि मॉनिटरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण आलं तर मॉनिटर खराब आहे असं लगेच समजू नका, आधी दुकानाचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. अर्थिंगचा खड्डा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकते, त्यात अधनंमधनं पाणी ओतावं लागतं. हे इलेक्ट्रिशियनकडनंच करून घ्या.


खानापूर_सर:

वरच्या सगळ्यांनी छान माहिती दिली. आमच्याकडं पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, त्यातनं आलेला अनुभव सांगतो. पावसाळ्यात संध्याकाळी बारीक किडे स्क्रीनच्या उजेडाला येतात आणि कडेच्या फटीतनं आत शिरून काचेच्या मागं फिरायला लागतात. शाळेच्या ऑफिसात बघितलंय, माणूस बाहेरनं बोटानं दाबून मारतो. दाबायचं नाही. दाबला की तो तिथंच चिकटतो आणि स्क्रीनच्या मधोमध काळा ठिपका कायम राहतो. मॉनिटर बंद करायचा, खोलीत दुसरीकडं दिवा लावून ठेवायचा, बहुतेक वेळा किडा आपणहून बाहेर निघतो, नाही निघाला तर निदान खालच्या कडेला जाऊन पडतो.

पुसताना फडक्यावर पाणी घ्या, स्क्रीनवर फवारू नका. ओघळ खालच्या कडेत जातो, आणि तिथं आत काचेला चिकटलेल्या नाजूक पट्ट्या आणि सर्किट असू शकतं, ते गंजलं की स्क्रीनवर उभ्या रेघा येतात. खिडकीच्या काचा पुसायचं निळं पाणी तर अजिबात नको, वरचा मॅट थर खराब होतो.


शहापूर_डीटीपी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. काल परत जाऊन मॉनिटर मागनं बघितले, दुकानदाराला जरा नवल वाटलं खरं त्यानं सगळे वळवून दाखवले. एक आवडलाय, चपटा चौकोनी पाया, चारी हालचाली होतात, खाली पण चांगला येतो, मागं चार भोकं आहेत, पुढून मॅट आहे, चौकट बारीक आहे पण आहे. पॉवर सप्लाय आत आहे एवढंच. आता दोन शंका. एक, सगळ्या केबली लावायच्या जागा मागं तोंड करून नाहीत तर खाली तोंड करून आहेत, वाकून बघितल्याशिवाय दिसत पण नाहीत, असं का करतात? आणि माझ्या जुन्या सीपीयूला निळी व्हीजीए केबल आहे, या मॉनिटरला ती जागाच नाही, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे. दुसरी शंका उन्हाची, मॅट असला तरी दुपारी दिसेल ना?


निपाणी_रिपेअर:

खाली तोंड यासाठी की मॉनिटर भिंतीला चिकटून बसवला तरी केबल मागं ठुसणार नाही. तुमच्या टेबलामागं भिंतच आहे, त्यामुळं तुम्हाला ते फायद्याचंच. लावताना एक युक्ती, मॉनिटर उभा फिरवा, मग ती जागा बाजूला येते आणि समोरनं बघून लावता येतं. पॉवर सप्लाय आत असला तर असू दे, बाकी सगळं जमतंय तर एवढ्यासाठी सोडू नका, फक्त सीपीयूबरोबर मॉनिटर पण यूपीएसवर घ्या.

व्हीजीएचं म्हणाल तर आधी सीपीयूच्या मागं नीट बघा, निळ्याशेजारी एचडीएमआय किंवा डीव्हीआय असेल. डीव्हीआय असला तर साधी केबल मिळते, काम होतं. फक्त व्हीजीएच असेल तर चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि घेताना व्हीजीएतनं एचडीएमआयकडं जाणारा आहे का ते विचारून घ्या, उलट्या दिशेचा पण तसाच दिसतो आणि तो चालत नाही. तरी चित्र थोडं मऊ येणार, तुमच्या बारीक अक्षरांच्या कामाला मला ते पसंत नाही, जमलं तर सीपीयूत एक साधं ग्राफिक्स कार्ड घाला.


उद्यमबाग_कॅड:

उन्हाचं. मॅट म्हणजे पृष्ठभाग बारीक खरबरीत केलेला असतो, त्यामुळं दाराचं प्रतिबिंब आरशासारखं स्पष्ट न दिसता पसरून फिकट होतं, नाहीसं होत नाही. थेट ऊन पडलं तर अख्खी स्क्रीन पांढुरकी दिसणार, मॅट असू दे नाहीतर काहीही. तुमचा खरा उपाय टेबलाची दिशा. दार स्क्रीनच्या समोर नको आणि तुमच्या डोळ्यांसमोर पण नको, बाजूला पाहिजे. म्हणजे टेबल काटकोनात वळवायचं. तसं केलंत तर आणखी एक होईल, मागची भिंत सुटेल.

आणि गिऱ्हाइकाची खुर्ची टेबलाच्या पलीकडं ठेवू नका, कडेला ठेवा. बरेचसे स्टँड दोन्ही बाजूंना ३० ते ४५ अंशांपर्यंतच वळतात, समोरच्या माणसाकडं पूर्ण फिरवायचा म्हटला तर अर्धा गोल लागतो आणि तेवढा फिरणारा क्वचित मिळतो. कडेला बसलेल्या माणसाला ४५ अंश भरपूर झाले, तुम्हाला पण दिसतं, त्याला पण दिसतं, दोघं मिळून नावं तपासू शकता.


शहापूर_डीटीपी:

टेबल वळवायला जागा आहे, झेरॉक्स मशीन जरा सरकवावं लागेल. कडेच्या खुर्चीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा सगळं हलवून घेते आणि सोमवारी मॉनिटर आणते. केबल आताच टेबलाच्या पायाला बांधून टाकू की नंतर? पोरं अडखळतात म्हणून.


उद्यमबाग_कॅड:

नंतर. आधी दोन्ही केबल स्टँडच्या खांबातल्या भोकातनं खाली घ्या, मग मॉनिटर पूर्ण वर नेऊन डावीकडं टोकापर्यंत, उजवीकडं टोकापर्यंत, आणि उभा करून बघा. कुठंच केबल ताणली जात नाही एवढी ढील सोडा आणि मगच टेबलाच्या पायाला बांधा. ढील कमी पडली तर प्रत्येक वळवण्याला एचडीएमआयची पिन ओढली जाते, आणि ती जागा मेन बोर्डवरच डाग दिलेली असते, ती हलली की बोर्डचंच काम निघतं. केबल दीड मीटरची पुरत नसेल तर तीनची घ्या.